ऊन पाण्याचा हिशेब

मार्गशीर्ष लागला, की वर्षाचे आठ महिने उन्हाशी झुंजणाऱ्या चंद्रपूरकरांना एकाएकी थंडीची आठवण होते. उन्हाळ्यात ज्या शहराचा पारा ४७ अंशांच्या पुढे जातो, त्याच शहरात आता पहाटेच्या वेळी तो दहाबारा अंशांपर्यंत उतरतो. इरई आणि झरपट यांच्या काठच्या वस्त्यांत धुके आणि धूर एकमेकांत मिसळून जातात. जुन्या घरांच्या परसात तांब्याचे बंब पुन्हा घासूनपुसून मांडले जातात, नव्या इमारतींतल्या न्हाणीघरांत गीझरचे तांबडे दिवे लागतात, आणि पलीकडे, गडचिरोलीच्या रानातल्या पाड्यांवर, उजाडण्यापूर्वीच चूल पेटते. घर कोणाचेही असो, दिवसाचा पहिला उद्योग एकच असतो. तो म्हणजे पाणी तापवणे.

इतक्या साध्या गोष्टीवर अग्रलेख, आणि तोही पहिल्या पानावर, लिहावा असे काय आहे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे, की थंडीच्या चार महिन्यांत फुगणारे विजेचे बिल, शहराच्या डोक्यावर साचणारा धूर आणि मोळीसाठी वाघाच्या रानात शिरणारी बाई, या तिन्ही गोष्टींचा एक धागा या बादलीपाशी येऊन मिळतो. आम्ही मात्र या बादलीचा हिशेब कधी पुरता मांडलेला नाही. बिल आले की कुरकुर करायची आणि भरून मोकळे व्हायचे, एवढाच आमचा अर्थव्यवहार आहे.

तेव्हा प्रथम बादलीचेच गणित करू. पाच माणसांचे कुटुंब घ्या. माणशी २० लिटर, म्हणजे दिवसाला १०० लिटर पाणी. पहाटेचे पाणी २० अंशांचे आणि अंगाला सोसेल असे ऊन पाणी ४० अंशांचे धरले, तर १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवण्यास २,००० किलोकॅलरी उष्णता लागते. हे निसर्गाचे माप आहे. त्यात श्रीमंताला सूट नाही आणि गरिबाला माफी नाही. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे रोजची सव्वादोन-अडीच युनिटे, महिन्याची सुमारे ७० युनिटे, केवळ स्नानासाठी खर्ची पडतात. हेच पाणी स्वयंपाकाच्या गॅसवर तापवले, तर महिन्याला सुमारे नऊ किलो गॅस लागतो. १४.२ किलोच्या टाकीचा हा जवळजवळ दोन तृतीयांश भाग झाला. आणि तीन दगडांच्या उघड्या चुलीवर तापवले तर? कोरडे लाकूड किलोमागे साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी देते. पण उघड्या चुलीत त्यांतला जेमतेम आठवा-दहावा हिस्सा भांड्याला लागतो, बाकीचा वाऱ्यावर जातो. म्हणजे रोजचे चारपाच किलो लाकूड, आणि महिन्याच्या सहासात मोळ्या. पाणी तेच, ऊबही तीच. पण एकाला ती ७० युनिटांत पडते, दुसऱ्याला दोन तृतीयांश टाकीत, आणि तिसरीला रानातल्या सहासात खेपांत.

शहरातल्या मध्यमवर्गीयाला ७० युनिटे फारशी वाटत नाहीत. येथेच त्याची गफलत होते. महावितरणच्या घरगुती दरपत्रकाची रचना पायऱ्यांची आहे. पहिली १०० युनिटे एका दराने, आणि १०१ ते ३०० युनिटे त्याहून पुष्कळच चढ्या दराने मोजली जातात. या दुसऱ्या पायरीवरील वीज आकार पहिलीच्या दुपटीच्या आसपास असतो. ज्या घरात दिवे, पंखे, फ्रिज आणि दूरदर्शन संच यांतच पहिली १०० युनिटे संपतात, त्या घरात गीझरची ७० युनिटे पूर्णपणे महागड्या पायरीवर जाऊन बसतात. म्हणून बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून निघणारा सरासरी दर हा मनाचे समाधान करणारा आकडा होय. खरा दर शेवटच्या युनिटाचा असतो, आणि वाचतेही तेच युनिट. दहा युनिटे वाचवली, तर ती स्वस्त पायरीवरची वाचत नाहीत, महाग पायरीवरची वाचतात. काटकसरीचे याहून चांगले बक्षीस दरपत्रकात दुसरे नाही.

आता या विजेच्या उगमाकडे वळू. त्यासाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. शहराच्या कोणत्याही गच्चीवरून ऊर्जानगरच्या चिमण्या दिसतात. २,९२० मेगावॉट क्षमतेचे हे औष्णिक केंद्र राज्यातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. त्याला पाणी इरई धरणाचे, आणि याच धरणाच्या पाण्यावर शहरही जगते. कोळसा या भूमीला नवा नाही. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. परंतु कोळशातून वीज होताना काय घडते, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. कोळशाच्या उष्णतेतून पाण्याची वाफ, वाफेतून चक्राची गती, गतीतून वीज. आणि या प्रवासात मूळ उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग तेवढा विजेच्या रूपाने हाती लागतो. उरलेली उष्णता शीतन-मनोऱ्यांतून आणि चिमण्यांतून आकाशात जाते. तारांमधली गळती वेगळीच. मग हीच वीज घरी आणून आम्ही पुन्हा तिची उष्णता करतो आणि तिने पाणी तापवतो! उष्णतेपासून वीज आणि विजेपासून पुन्हा उष्णता, हा द्राविडी प्राणायाम नव्हे तर काय? एका युनिटासाठी औष्णिक केंद्रात साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे पाच माणसांच्या महिन्याभराच्या स्नानासाठी जवळजवळ एक पोते कोळसा आमच्याच उशाशी जळतो, आणि त्याची राख आमच्याच गच्चीवर येऊन पडते.

बाजारात मात्र या व्यवहारावर ‘कार्यक्षमते’चा मुलामा चढवून तो विकला जातो. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्ही कर्तव्य समजतो. विजेच्या तापणाऱ्या तारेने पाणी तापवणारे उपकरण साधे असो वा भारी किमतीचे, एका युनिटातून ते ८६० किलोकॅलरींहून अधिक उष्णता काढू शकत नाही. खोली ऊबदार करणाऱ्या विजेच्या शेगडीलाही हाच नियम लागू आहे. दोन किलोवॉटची शेगडी दोन तास चालली की चार युनिटे गेलीच, तिच्या अंगावर कोणतेही नाव कोरलेले असो. गीझरवरील ताऱ्यांचे चिन्ह निरर्थक नाही. पण ते मुख्यतः एवढेच सांगते, की तापलेले पाणी टाकीत नुसते उभे असताना किती उष्णता वाया जाते. म्हणून चार ताऱ्यांचा गीझर घेऊन तो दिवसभर चालू ठेवणारापेक्षा जुनाच गीझर स्नानापूर्वी दहापंधरा मिनिटे लावून बंद करणारा गृहस्थ अधिक शहाणा होय. तापमानाचा खटका साठ-सत्तर अंशांवर ठेवून मग त्यात थंड पाणी ओतण्यापेक्षा तो पन्नासच्या आसपास ठेवणे, शॉवरऐवजी बादली आणि तांब्या वापरणे, घरातील सर्वांनी पाठोपाठ स्नान उरकणे, या आजीच्या काळच्या सवयींत जी बचत आहे ती कोणत्याही जाहिरातीत नाही. खोलीचे म्हणाल, तर आमच्या हवामानात विजेच्या शेगडीची गरज फारच थोड्यांना आहे. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या आणि अंगावर गोधडी घ्यावी. ती एकदा शिवली की तिचे बिल येत नाही. ज्यांच्याकडे उष्ण आणि शीत अशा दोन्ही प्रकारे चालणारे वातानुकूलन यंत्र आहे, त्यांनी थंडीत तेच वापरावे. ते उष्णता निर्माण करीत नाही, बाहेरची आत वाहून आणते. म्हणून त्याच युनिटात ते शेगडीच्या दुपटी-तिपटीने ऊब देते.

सूर्य हा तर आमच्या जिल्ह्याचा जुना सावकार. उन्हाळ्यात तो व्याजासकट वसूल करतो. थंडीत त्याच्याकडून थोडी परतफेड घेण्यास हरकत कोणती? हिवाळ्यात विदर्भाचे आकाश बहुधा निरभ्र असते, आणि १०० लिटरचा सौर बंब लहान कुटुंबाचे पाणी विजेवाचून तापवू शकतो. तथापि येथेही आम्ही वाचकांस डोळे मिटून खरेदी करण्याचा सल्ला देणार नाही. चंद्रपुरात ऊन पाण्याची खरी गरज वर्षातील चारपाच महिनेच असते. महिन्याची ७० युनिटे धरली, तर वर्षाची बचत तीनशे-साडेतीनशे युनिटांची होते. त्या युनिटांना आपल्या बिलावरील शेवटच्या पायरीच्या दराने गुणावे, बंबाच्या किमतीला त्या रकमेने भागावे, आणि किती वर्षांत पैसे फिटतात ते प्रत्येकाने स्वतः पाहावे. मोठ्या कुटुंबाला, वसतिगृहाला, रुग्णालयाला तो निश्चित परवडेल. दोन माणसांच्या संसाराला कदाचित परवडणार नाही. अशा घराने गच्चीवर वीज निर्माण करणारी सौर तावदाने बसवण्याचा विचार करावा, कारण ती हिवाळ्यात गीझर आणि उन्हाळ्यात कूलर असे दोन्ही चालवतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आहे. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो. फक्त चंद्रपूरकरांनी एक ध्यानात ठेवावे, की येथील हवेतील धूळ आणि काजळी तावदानांवर बसते. ती वरचेवर धुतली नाहीत, तर सूर्य दाराशी येऊन परत जाईल.

येथवर बोललो ते पैशांबद्दल. परंतु या हिशेबात काही रकमा अशा आहेत, की त्या कोणत्याही बिलावर छापल्या जात नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची जी तपासणी केली, तीत चंद्रपूर ८३.८८ गुणांनी अतिप्रदूषित क्षेत्रांत चौथे आले. दोष खाणींचा, केंद्राचा आणि कारखान्यांचा आहे, यात शंका नाही, आणि त्यांच्याकडून जाब घेण्याचे आम्ही सोडणार नाही. पण हिवाळ्याच्या संध्याकाळी घुग्गुस, बल्लारपूर, दुर्गापूर या भागांतून फिरून पाहावे. दारोदारी कोळशाच्या सिगड्या पेटलेल्या असतात, आणि थंड हवेच्या दडपणाखाली त्यांचा धूर वर न जाता डोळ्यांच्या उंचीवर तरंगत राहतो. याहून भयंकर गोष्ट म्हणजे बंद खोलीत उशाशी ठेवलेली सिगडी. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही आणि वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची सवड देत नाही. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरचीही तीच गत आहे. सिगडी विझवून, खोलीबाहेर ठेवून मगच निजावे. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत बसवावा. चार पैसे वाचवण्याच्या नादात जीव गमावणे ही काटकसर नव्हे.

आता आम्ही या हिशेबाच्या शेवटच्या, आणि आमच्या मते सर्वांत जड, रकमेकडे येतो. २०२२ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांचा फार मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. ताडोबाच्या सफारीसाठी मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे वाघ दिसावा म्हणून हजारो रुपये मोजतात. त्याच रानाच्या कडेची बाई वाघ दिसू नये म्हणून देवाला हात जोडून जळतन गोळा करायला निघते. मोहफुले, तेंदूपाने आणि सरपण यांसाठी रानात वाकलेल्या माणसावर वाघाने झडप घातल्याची वार्ता आमच्या पानांवर वर्षातून किती वेळा येते, हे वाचकांस सांगावयास नको. वाकलेले माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही, असे जाणकार सांगतात. असेल, पण ती बाई तेथे वाकली कशासाठी? घरच्या चुलीत घालायला लाकूड हवे म्हणून. आणि तिने विकलेली मोळी शहराच्या कडेला एखाद्या बंबाखाली जळत असेल, तर त्या स्नानाची किंमत आम्ही मोळीवाल्या बाईच्या हातावर ठेवलेल्या नोटांत पुरती चुकती झाली, असे समजावे काय?

रानातून ती सुखरूप परतली, तरी धोका टळत नाही; तो तिच्याबरोबर घरात येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे चुलींच्या व तत्सम इंधनांच्या घरातील धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसे अकाली मृत्यू पावली. लहान मुलांतील न्यूमोनियाचे हा धूर एक मोठे कारण आहे. गडचिरोलीला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने याच जिल्ह्यातील खेड्यांत न्यूमोनियाने दगावणाऱ्या बालकांचा अभ्यास केला, गावातल्याच माणसांना उपचार शिकवून ते मृत्यू घटवता येतात हे दाखवले, आणि १९९० साली तो निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर वाचला गेला. औषध दारापर्यंत नेण्याची वाट त्यांनी दाखवली. धूर दाराबाहेर काढण्याचे काम मात्र अजून पुरते झालेले नाही.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी गरिबाच्या घरी नेली; त्याआधी, २०१५ पासून, वनविभागाच्या जन-वन विकास योजनेने अभयारण्यांभोवतीच्या गावांत गॅस पोहोचवण्यास आरंभ केला होता. परंतु जोडणी मिळणे आणि चूल विझणे यांत अंतर आहे. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालातच दिसले, की उज्ज्वलेचे कुटुंब वर्षाला सरासरी तीनचार टाक्याच भरून घेते. म्हणजे उरलेल्या दिवसांत रांधण्यासाठी चूलच पेटते. आणि जेथे भातासाठी गॅस जपून वापरावा लागतो, तेथे न्हाण्याच्या पाण्यासाठी तो कोण जाळणार? ऑक्टोबर २०२३ पासून उज्ज्वलेच्या टाकीमागे ३०० रुपयांची सवलत मिळू लागली, हे ठीक झाले. पण भामरागड-एटापल्लीकडच्या गावात टाकी नेण्याचा फेरा आणि दिवसाची बुडालेली मजुरी त्या सवलतीत धरलेली नाही. रान फुकट आहे आणि टाकी विकत आहे, तोवर पाय रानाकडेच वळणार. तेथे आरोग्याची व्याख्याने देऊन भागणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि सरळ आहेत. व्याघ्रक्षेत्राच्या गावांत टाकी दारात पोहोचली पाहिजे, आणि थंडीच्या महिन्यांत तरी तिचा भार शासनाने अधिक उचलला पाहिजे; वाघाच्या हल्ल्यानंतर द्यावी लागणारी भरपाई आणि आधीच द्यावयाची टाकी, यांत स्वस्त काय आणि माणुसकीचे काय, हे अर्थखात्याने एकदा ठरवावे. जेथे गॅस पोहोचणे कठीण आहे, तेथे धुराडे असलेली सुधारित चूल आणि पाण्यासाठी बंदिस्त बंब द्यावा. बंबात जाळ पाण्याच्या मधून जातो आणि लाकूड निश्चितच कमी लागते. शेजारच्या वर्ध्यात मगनवाडीच्या कार्यकर्त्यांनी बिनधुराची मगन चूल घडवली होती; विदर्भाला ही कल्पना परकी नाही. वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांच्या आराखड्यात गावालगत सुरक्षित जागी सरपणाची झाडे लावण्यास निधी मिळावा. नगरपालिकांनी आणि महानगरपालिकेने वसतिगृहे, रुग्णालये आणि मोठ्या इमारतींच्या गच्च्यांवर सौर बंब बसवून घ्यावेत. आणि कोळशाच्या पट्ट्यातील वसाहतींत सिगडीऐवजी दुसरे इंधन देणे, हे ज्यांच्या खाणींतून तो कोळसा निघतो त्यांचेच काम आहे.

राहिले आम्ही, म्हणजे शहरातले शिकलेसवरलेले नागरिक. आमच्यापाशी निवड आहे, आणि ज्याच्यापाशी निवड असते त्याच्यावर जबाबदारीही येते. वीज, गॅस, सूर्य यांपैकी काय परवडते ते आम्ही गणिताने ठरवू शकतो, खटका फिरवू शकतो, बादलीतले पाणी अर्ध्यावर आणू शकतो. रानाकडेच्या बाईला यांतले काहीच करता येत नाही; तिच्यापुढे वाट एकच आहे, आणि तिच्यावर वाघाच्या पावलांचे ठसे आहेत. ज्याला निवड आहे त्याने ती शहाणपणाने करावी, आणि जिला निवड नाही तिला ती मिळवून द्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. उद्या पहाटे बादलीतून वाफ निघू लागेल, तेव्हा वाचकांनी क्षणभर हा हिशेब आठवावा, आणि गीझरचा खटका दोन मिनिटे आधी बंद करावा. आरंभ तेथून झाला तरी पुरे.